तीन मिनिटं पट्ट्यावर

हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, तोवर घर बदललेलं असतं. पाण्याचा तांब्या उशाशी आलेला असतो. जिना चढताना कुणीतरी दंड धरतं, भाजीची पिशवी हातातून काढून घेतं. मुलीच्या लग्नाची बोलणी, भावकीतला वाद, बँकेचा हप्ता, सगळं त्याच्या माघारी कुजबुजत चालतं. ‘त्यांना टेन्शन नको.’ हे सारं मायेपोटीच होतं. पण परवापर्यंत घर ओढणाऱ्या माणसाला त्यातून एवढंच कळतं, की आपल्या हृदयाचा आता कुणालाच भरवसा उरलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, ‘रोज थोडं थोडं चाला.’ बायको म्हणते, ‘आज राहू द्या ना.’ ऐकलं जातं ते बायकोचं. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात, ती दिवसरात्र समोर असते.

तिच्या या भीतीला उपचार आहे का, हे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टेलर, बांडुरा, डीबस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलं. अटॅकला तीन आठवडे झालेले, पुढे गुंतागुंत न झालेले ३० पुरुष होते. प्रत्येकाला ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय किती श्रम पेलतं ते पाहिलं. १० जणांच्या बायकांनी ही तपासणी पाहिलीच नाही. १० जणींनी ती पाहिली. उरलेल्या १० जणींनी पाहिली आणि मग नवरा जेवढ्या श्रमापर्यंत पोहोचला होता, तेवढ्याच श्रमाने स्वतः तीन मिनिटं चालून बघितलं. नवऱ्याच्या हृदयाविषयीचा बायकांचा विश्वास खुद्द नवऱ्याच्या विश्वासाइतका झाला तो फक्त या शेवटच्या गटात.

नुसतं पाहून भागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला घाम आणि धाप दिसते, आणि जीव घाबरतो. स्वतःच्या पोटऱ्या भरून आल्या, स्वतःचा श्वास चढला, की मग उमगतं, अरे, हे एवढं करतोय हा माणूस!

हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाची रीतसर सोय आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या थोड्याच रुग्णालयांत आहे. बाकीच्यांचं पुनर्वसन स्वयंपाकघरात आणि कॉलनीच्या रस्त्यावरच व्हायचं. म्हणून बाबांच्या ताटात अळणी भाजी आणि इतरांच्या ताटात पापड-लोणचं, हे मला पटत नाही. असं वेगळं ताट फार दिवस टिकत नाही. वडिलांना कमी वयात अटॅक आला असेल तर मुलांनाही धोका अधिक असतो. मिठाचा हात सगळ्यांसाठीच आखडता घ्यावा आणि मुलानेही तंबाखूची पुडी टाकून द्यावी. स्टेंट बसवला असेल तर रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी मनाने बंद करायची नाही, हेही घरातल्या आणखी एकाला पक्कं ठाऊक हवं.

स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात रुग्ण सगळे पुरुष होते. अटॅक आईला आला की घराचं वागणं नेमकं उलटं होतं. थोड्याच दिवसांत ती ओट्याशी उभी दिसते आणि ‘आई बरी झाली’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. तिला कुणी जपत नाही आणि फिरायला जा, असंही कुणी म्हणत नाही. पुनर्वसनाच्या वर्गांना बायका पुरुषांपेक्षा कमी येतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. तिच्यासाठी सकाळचा चहा आणि डबे दुसऱ्या कुणी करावेत. तो अर्धा तास तिचा चालायचा. सुरुवातीला कुणीतरी बरोबर जावं, छातीत दुखलं किंवा बोलता येणार नाही इतका दम लागला तर थांबावं, डॉक्टरांना कळवावं. फेरतपासणीच्या दिवशी मुलाने तिला दाराशी सोडून गाडी लावायला जाऊ नये. आत जाऊन शेजारी बसावं, आणि आईने किती चालायचं, काय उचलायचं, हे स्वतः विचारून घ्यावं.