बाहुलीवरचा बाप्तिस्मा

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची निगा आईबापांना शिकवण्यासाठी आता आभासी वास्तवाचा आधार घेतला जाऊ लागला आहे. डोळ्यांवर चष्मा चढवला की अतिदक्षता विभाग भोवती उभा राहतो; मान वळेल तसे दृश्य वळते. तेथे चुकत चुकत शिकता येते आणि चुकीपायी कोणाला इजा होत नाही. प्रश्न असा की, ज्या मायेला कधी शाळा लागली नाही, ती चित्रांतून शिकवणे योग्य काय?

आमचे मन प्रथम 'नाही' म्हणाले. मग आम्हांला सेमिनरी आठवली. गुरुदीक्षेपूर्वी आम्ही बाहुलीच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचा सराव केला. पवित्रीकरणाविना भाकर व द्राक्षारस घेऊन मिस्साविधीची तालीम केली. तो संस्कार नव्हे, हे ठाऊक होते. पण त्यावाचून पहिले खरे बाळ समोर येताच आमचे हात किती कापले असते! (कापले ते कापलेच, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा सरावाला खोटे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां धर्मगुरूंना नाही. शिवाय माया उपजत असते, कौशल्य नव्हे. हजार-बाराशे ग्रॅमचे बाळ पाहून बाप मागे सरतो, तो निर्दयतेने नव्हे, भयाने.

अडचण पुढेच आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडत, म्हणून डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवण्यास आरंभ केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात असे दिसले की, बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता ही 'कांगारू' सेवा सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात. दिवसाला ८ ते २४ तास असा सहवास द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ सालची शिफारस आहे. ही ऊब कोणत्याही भिंगातून जात नाही. शब्द देह झाला, ही आपली श्रद्धा. वृद्ध शिमोनानेही बाळ येशूला दुरून पाहिले नाही, हातांत घेतले.

म्हणून चष्म्यापेक्षा आम्हांला दाराची चिंता अधिक वाटते. एकदा रात्री अशाच एका बाळासाठी आम्हांला रुग्णालयात बोलावणे आले. ड्रॉपरने तीनदा पाणी सोडले. ते कपाळावरून ओघळले. प्राणसंकटात कोणालाही बाप्तिस्मा देता येतो, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे; तो बापही देऊ शकला असता. पण आम्हांला आत घेतले होते, आणि तो काचेबाहेर उभा होता.