कष्टाच्या हातांचे अर्पण



1 मे हा कामगार संत योसेफ यांचा सण. पोप बारावे पायस यांनी तो 1955 साली सुरू केला. संत योसेफ सुतार होते. मार्कच्या शुभवर्तमानात (6:3) नाझरेथचे लोक प्रभू येशूलाही सुतारच म्हणतात. त्यांच्या बोलण्यात हेटाळणी आहे. आपल्याला मात्र त्यात शुभवार्ता ऐकू यावी.

देवाच्या पुत्राने आपल्यासारखाच देह धारण केला आणि कष्टही स्वीकारले. सुतारकाम नुसते ऐकून येत नाही. लाकडाच्या रेषेविरुद्ध रंधा चालवला, तर लाकूड खरबरीत निघते. हे बोटांना, मनगटाला आणि पाठीला वर्षानुवर्षे शिकावे लागते. तळहाताला घट्टे पडतात, तेव्हा कुठे हाताला कसब येते. लूक सांगतो (3:23), की प्रभूने सेवाकार्य सुरू केले, तेव्हा ते सुमारे तीस वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे बहुतेक आयुष्य नाझरेथच्या साध्या घरातच गेले.

जुन्या करारातही निवासमंडप उभारण्यासाठी देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो (निर्गम 31). हातातील कसब हेही पवित्र आत्म्याचे दान आहे!

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली मानवी श्रमावरील परिपत्रकात हेच शिकवले, की कामाची प्रतिष्ठा ते काम करणाऱ्या माणसामुळे ठरते. म्हणून बाजारात सूप किंवा टोपली हातात घेताना बुरूडबांधवांची बोटेही आठवू या. बांबूच्या कामट्या काढताना ती चिरतात. दिवसभर उकिडवे बसून गुडघे आणि कंबर धरते. आपण दहा-वीस रुपये कमी करायला सांगतो, तेव्हा ते त्या देहाच्या कष्टातून कमी होतात. मजुरी वेळेवर आणि पुरेपूर देणे हा उपकार नव्हे, तो न्याय आहे.

मिस्साबलीत भाकर व द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू जमिनीच्या फळासोबत मानवी हातांच्या श्रमाचेही स्मरण करतात. त्या क्षणी आपल्या धर्मग्रामातील सुतार, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आणि आता हात थरथरतात म्हणून घरी बसलेले वृद्ध कारागीर, या सर्वांना आपण वेदीवर ठेवू या. पुनरुत्थानानंतरही प्रभूने हातांवरील खिळ्यांचे व्रण पुसले नाहीत. तेच थोमाला दाखवले. श्रमलेल्या हातांची खूण त्यांना परकी नाही.

कामगार संत योसेफ, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.