आपण आणि आम्ही

चाकणजवळच्या नाणेकरवाडीत भाड्याच्या खोल्यांच्या एका रांगेसमोर पोरं लपाछपी खेळत होती. त्यांत चार वर्षांची एक मुलगी. घरात हिंदी, वडील कंपनीत पाळीवर, आईही कामाला. सवंगड्यांना ती म्हणाली, "चला, आपण लपू या!" मी विचारलं, काय चाललंय? "आम्ही खेळतोय." मी बाहेरचा, म्हणून 'आम्ही'. हिंदीतल्या 'हम'ला हा भेद ठाऊक नाही. मग तिला तो कुठून कळला?

बोलणं घडतं ते मिळणाऱ्या प्रतिसादामुळे, असं मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडलं. पण 'आपण' नेमकं वापरलं म्हणून कुणी पोराची पाठ थोपटत नाही. शिवाय हीच मुलगी 'मी करलं' म्हणते. आसपासचं कुणी तसं बोलत नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून तिनं स्वतःच नियम बसवला. पोरं नुसती नक्कल करत नाहीत. १९५९ मध्ये स्किनरना खोडून काढणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचा भर या घडवण्याच्या शक्तीवर होता. व्याकरणाचा आराखडा उपजतच असतो, असं ते म्हणतात. असेलही. तरी 'आपण' कुठल्या बाजूचा शब्द, हे अंगणात उतरल्याशिवाय कळायचं नाही.

मला मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या विचारवंतांचा, दाखला जवळचा वाटतो. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, गाय आण. तो आणतो. मग, गाय बांध. मग, घोडा आण. बाजूला उभं मूल शब्द आणि कृती ताडून पाहतं, काय बदललं नि काय तसंच राहिलं ते हेरतं. मोठ्या माणसांच्या या बोलण्या-वागण्याला ते वृद्धव्यवहार म्हणत. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखत मूल भाषा उभारतं, असं मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी २००३ मध्ये सांगितलं, तेव्हा मला तेच मूल आठवलं. 'आपण'मध्ये कोण कोण आहे, हे बोलणाऱ्याच्या मनात शिरल्याशिवाय समजत नाही.

नाणेकरवाडीतले असे 'वृद्ध' मात्र रात्रपाळी करून झोपलेले असतात. त्यांची जागा आठ वर्षांच्या पोरांनी घेतलीय. कुणावर राज्य, कोण बाद, कुणाला खेळात घ्यायचं यावरून ती तासभर भांडतात आणि त्या भांडणात शंभर वेळा 'आपण', 'आम्ही' होतं. कुलूपबंद खोलीत मोबाइल पाहत बसलेल्या मुलाला हे भांडण मिळत नाही, याची मला काळजी वाटते. त्या रांगेसमोरचं अंगण आता दुचाकींनी भरत चाललंय. लपायला दोन कोपरे उरलेत.