वैगुण्य कोणाचे?

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायची आणि मुक्कामावर उलगडली की तंबू होणारी गाडी. ऑस्ट्रेलियात तिचा प्रसार मोठा आहे. लोखंडी सांगाड्यावर एक पेटी, पेटीत गादी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि बॅटरी, वर घडी घालून बसवलेला जाड कॅनव्हास, असा तिचा साधारण थाट असतो. नवा ट्रेलर घेणाऱ्याला जुनी माणसे एक गोष्ट हमखास सांगतात: पहिला मुक्काम घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर करा. पहिल्या रात्री काहीतरी बिघडतेच, आणि बिघडले तर परत येता आले पाहिजे. बिघाड झाला की लगेच प्रश्न उभा राहतो की दोष कोणाचा? वस्तूतच खोट आहे, वापरणारा चुकला, की वापरण्याच्या रीतीत काही राहून गेले?

हाच प्रश्न न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांच्या संदर्भात आला आहे. तिथला पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो की वेद प्रमाण मानता येत नाही. त्याची कारणे तीन आहेत: असत्य, परस्परविरोध आणि पुनरुक्ती. असत्याचे उदाहरण पुत्रकामेष्टीचे दिले जाते. पुत्र हवा असणाऱ्याने ही इष्टी करावी असे वेद सांगतो, लोक ती करतात, आणि पुत्र होत नाही. फळ डोळ्यांनी दिसण्याजोगे आहे आणि ते दिसत नाही, म्हणून वाक्य खोटे. सूत्रकार गौतमाचे उत्तर एका ओळीत मावते. फळ न मिळण्याचे कारण कर्मातील, कर्त्यातील किंवा साधनातील वैगुण्य असू शकते, म्हणून तेवढ्यावरून वाक्य खोटे ठरत नाही.

भाष्यकार वात्स्यायनाने हे उत्तर फोडून सांगितले आहे. यजमान अज्ञानी किंवा दुराचारी असेल तर ते कर्त्याचे वैगुण्य. हवि नीट संस्कारलेला नसेल, मंत्रात अक्षर कमीजास्त झाले असेल, दक्षिणा वाईट मार्गाने मिळवलेली असेल, तर ते साधनाचे. विधीतील क्रिया चुकली तर ते कर्माचे. पुढे तो व्यवहारातला एक दाखला देतो, आणि या सगळ्या चर्चेत तो सर्वांत मोलाचा आहे. अग्नी हवा असणाऱ्याने दोन लाकडे घासावीत असे सांगितले जाते. एखाद्याने घासली आणि अग्नी निघाला नाही, तर लाकडे घासून अग्नी निघतो हे विधान खोटे होत नाही. घासण्याची रीत चुकली असेल, घासणाऱ्याचे लक्ष किंवा जोर कमी पडला असेल, किंवा लाकूड ओले वा पोकळ असेल. रानातल्या मुक्कामावर पावसात भिजलेल्या सरपणाशी झगडलेल्या कोणालाही हा दाखला चटकन पटेल.

ट्रेलरच्या पहिल्या मुक्कामातील बिघाड या तीन कप्प्यांत ठेवून पाहिले तर गौतमाच्या उत्तराचे बळ दिसते आणि त्याची मर्यादाही दिसते.

चाकाचे नट हे कर्मवैगुण्याचे उदाहरण आहे. नव्या ट्रेलरचे चाक आणि हब यांच्यामध्ये रंगाचा थर असतो. गाडी चालू लागली की तो दबतो, धातू धातूवर बसतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. म्हणून पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून सगळे नट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळायचे असतात. ही पायरी गाळली तर चाक निखळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. यात नटांची खोट नसते आणि चालवणारा बेपर्वा असतो असेही नाही. एक क्रिया राहून गेलेली असते, एवढेच.

कॅनव्हासचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पहिल्याच पावसात शिवणीतून थेंब पडू लागले की नवा मालक हबकतो आणि तंबू गळका निघाला असे म्हणतो. शिवताना सुईने कापडाला बारीक भोके पडलेली असतात. सुती धागा भिजला की फुगतो, वाळला की बसतो, आणि दोन-तीन वेळा भिजून वाळल्यावर ती भोके बुजतात. त्यासाठी निघण्यापूर्वी अंगणात तंबू उभारून त्यावर नळीने पाणी मारायचे आणि तो पूर्ण वाळू द्यायचा, असे दोन-तीनदा करायचे असते. गळणे हा इथे दोष नाही, न पिकलेल्या वस्तूचा तो स्वभाव आहे. मात्र तीनदा भिजवून वाळवल्यावरही त्याच जागी थेंब पडत असेल, तर शिवणच बिघडलेली आहे आणि ते साधनाचे वैगुण्य आहे. एकच थेंब, पण तो कोणत्या टप्प्यावर पडतो यावर दोष कोणाचा हे ठरते.

कर्त्याचा प्रमाद सर्वाधिक दिसतो तो सामान भरताना. ट्रेलरच्या भरलेल्या वजनापैकी सुमारे दहा टक्के भार मोटारीच्या जोडणीवर यावा असा ऑस्ट्रेलियातला सर्वसाधारण दंडक आहे. जड सामान आसाच्या मागे ठेवले की हा भार घटतो, आणि वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. चालकाला आधी वाटते की टायर खराब आहे किंवा वारा जोराचा आहे. सामान पुढे सरकवले की हेलकावे थांबतात, पुन्हा मागे नेले की सुरू होतात. न्यायशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात: कारण असताना कार्य असणे आणि ते नसताना नसणे. ही परीक्षा भर रस्त्यात करू नये. जोडणीवरचा भार काट्यावर मोजून पाहता येतो आणि तेवढ्याने प्रश्न सुटतो.

दिव्यांचा बिघाड मात्र फसवतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो किंवा भलताच दिवा लुकलुकतो. दिसतो तो दिव्याचा दोष, म्हणून बल्ब बदलला जातो आणि काहीच फरक पडत नाही. खरे कारण बहुधा अर्थिंगमध्ये असते. वायर सांगाड्याला जिथे बोल्टने जोडली आहे तिथे रंगाचा थर राहिलेला असतो आणि वीज परत जायला दुसऱ्याच दिव्याची वाट शोधते. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वेगळी वायर थेट दिव्यापर्यंत नेऊन पाहिली आणि दिवा नीट लागला, तर निदान पक्के.

एक बिघाड असा आहे की तो तीनही कप्प्यांत बसत नाही. दिवसभर मोटार चालवूनही ट्रेलरची बॅटरी भरत नाही. मोटार निर्दोष, बॅटरी निर्दोष, जोडणाऱ्याने सूचना जशाच्या तशा पाळलेल्या. पण नव्या मोटारींतील अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपला दाब कमी करतो, लांबलचक बारीक वायरीत त्यातलाही काही दाब हरवतो, आणि ट्रेलरपर्यंत पोहोचते ते बॅटरी भरायला अपुरे पडते. मध्ये दाब वाढवणारा वेगळा चार्जर बसवला की काम होते. वैशेषिकांनी संयोगाला दोन द्रव्यांवर मिळून राहणारा गुण मानले आहे. इथले वैगुण्य त्या संयोगातले आहे आणि ते दोघांपैकी एकट्याच्या माथी मारता येत नाही. गौतमाच्या तीन शब्दांत हा चौथा जोडायला हरकत नसावी.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ज्या वैगुण्याकडे बोट दाखवले जाते ते अपयशापासून वेगळे, स्वतंत्रपणे पाहता येते. नट सैल आहे की नाही हे पाना लावून कळते, भार काट्यावर दिसतो, बोल्टखालचा रंग खरवडून पाहता येतो. वात्स्यायनाचे ओले लाकूडही हाताला ओले लागते. अग्नी निघाला नाही म्हणून लाकूड ओले असे कोणी म्हणत नाही. लाकूड ओले आहे हे आधी कळते आणि अग्नी का निघाला नाही हे त्यावरून कळते. सबब प्रामाणिक आहे की पळवाट आहे, हे ओळखण्याची कसोटी इथे आहे.

पुत्रेष्टीला ही कसोटी लावली की अडचण येते. मंत्राचा उच्चार, हविची तयारी, दक्षिणेचा उगम या गोष्टी काही प्रमाणात तपासता येतात, आणि तिथवर नैयायिकाचे उत्तर रास्त आहे. पण सर्व काही निर्दोष आढळले आणि तरीही पुत्र झाला नाही, तर नैयायिक म्हणेल की कुठेतरी न दिसणारे वैगुण्य असलेच पाहिजे. आता वैगुण्य आहे हे अपयशावरून ठरते आणि अपयशाचे कारण वैगुण्य हे सांगितले जाते. न्यायशास्त्राच्याच भाषेत हा अन्योन्याश्रय आहे. अशा उत्तराने कोणतेही विधान कायमचे वाचवता येते, आणि कधीच हरू न शकणारे विधान जिंकले असेही म्हणता येत नाही. अग्नीचा दाखला पुत्रेष्टीला जितका आधार देतो असे भाष्यकाराला वाटते, तितका तो देत नाही.

विक्रीच्या कायद्यालाही याच पेचातून जावे लागते. 1 जानेवारी 2011 पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार विकलेली वस्तू स्वीकारार्ह दर्जाची असावी लागते: नेहमीच्या कामाला योग्य, दोषरहित, सुरक्षित आणि टिकाऊ. ग्राहकाने वस्तू रीत सोडून वापरल्यामुळे ती बिघडली असेल, तर ही हमी मोडली असे धरत नाहीत. म्हणजे साधनवैगुण्य विक्रेत्याकडे आणि कर्तृवैगुण्य ग्राहकाकडे. यातही केवळ ‘तुम्ही चुकीचे वापरले असणार’ एवढ्यावर भागू नये. चुकीचा वापर झाला याची बिघाडाखेरीज दुसरी खूण दाखवता आली पाहिजे, नाहीतर पुत्रेष्टीच्या यजमानासारखी ग्राहकाची गत होते.

मग नैयायिक न दिसणाऱ्या वैगुण्यापर्यंत का जातो? त्याचे उत्तर आप्ताच्या कल्पनेत आहे. शब्दाचे प्रामाण्य तो बोलणाऱ्याच्या लायकीवर टेकवतो. वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि ज्याला प्राणिमात्राची दया आहे असा माणूस. ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना हे लक्षण सारखेच लागू होते, असेही तो म्हणतो. वेदाच्या बाबतीत सूत्रकाराची तुलना आयुर्वेदाशी आहे: औषधाचे फळ इथेच दिसते, म्हणून ते सांगणाऱ्यांवर विश्वास बसतो, आणि तसाच विश्वास न दिसणाऱ्या फळांबाबतही ठेवता येतो. ज्या विक्रेत्याने नट पुन्हा आवळायला आणि कॅनव्हास भिजवायला आधीच सांगितले, त्याचे आसाच्या आयुष्याबद्दलचे बोलणेही लोक मानतात. ही वाट माणसाच्या व्यवहाराची आहे आणि ती अविचारी नाही. मात्र दिसणाऱ्याकडून न दिसणाऱ्याकडे जाताना प्रत्येक पावलाला आधार पातळ होत जातो, हे मान्य करूनच त्या वाटेने जावे.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची वाट निराळी आहे. सातव्या शतकातल्या कुमारिलभट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. नंतर त्याला बाध आला किंवा त्याच्या कारणात दोष आढळला, तरच ते सोडायचे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेले तर त्या मागणीला अंत राहत नाही. मुक्कामाला निघणारा माणूस प्रत्यक्षात असाच वागतो. प्रत्येक वेल्डिंग तपासून निघायचे ठरवले तर तो अंगणातून हलणारच नाही. तो विश्वासाने निघतो आणि ठेच लागेल तिथे विश्वास आवरतो.

या वादात फळ कधी मिळायचे हा मुद्दा निर्णायक ठरतो. नवव्या शतकातील काश्मीरचा नैयायिक जयंतभट्ट याने ‘न्यायमंजरी’त कर्मांचे तीन गट सांगितले. पावसासाठी केलेल्या कारीरीचे फळ याच जन्मात हवे, कारण वाळत चाललेल्या पिकाला पुढच्या जन्मीचा पाऊस उपयोगाचा नाही. ज्योतिष्टोमाचे फळ म्हणजे स्वर्ग, ते मृत्यूनंतरच. आणि पशूंसाठी केलेल्या चित्रेचे फळ कधी मिळेल याचा नेम नाही. पहिल्या गटातली वाक्ये ट्रेलरच्या हमीसारखी मुदतीने बांधलेली आहेत आणि त्यांची परीक्षा होऊ शकते. दुसऱ्या गटाला अनुभवाने बाध येऊ शकत नाही आणि अनुभवाचा पाठिंबाही मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हिंदू मंदिरांत नव्या गाड्यांची पूजा होते, नारळ वाढवला जातो. त्या पूजेने ब्रेकविषयी कोणतेही मुदतबंद वचन दिलेले नसते, म्हणून पहिल्या मुक्कामात चाक तापले तरी पूजा खोटी ठरत नाही, आणि पूजा झाली म्हणून बेअरिंग हात लावून पाहायचे सोडताही येत नाही.

पहिल्या गटाच्या बाजूने जयंतभट्टाने घरचा दाखला दिला आहे. त्याच्या आजोबांनी गाव मिळावे म्हणून सांग्रहणी नावाची इष्टी केली आणि ती संपताच त्यांना गौरमूलक नावाचे गाव मिळाले. कुटुंबाच्या आठवणीतला एक प्रसंग एवढेच त्याचे वजन आहे. पण जयंताने तो दिला यात त्याची दिशा कळते: फळ दिसले पाहिजे, आणि दिसले असेल तर कोणाला व कुठे दिसले ते सांगता आले पाहिजे, हे त्याला मान्य होते.