दाखल्याविना

नोव्हेंबर १९३८च्या अखेरीस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने वसतिगृहातल्या प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी घातली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि विद्यापीठाने त्यांची नावं पटावरून शेकड्यांनी कमी केली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलंही या लढ्यात उतरली आणि बाहेर फेकली गेली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात याला ‘वंदे मातरम् चळवळ’ म्हणतात. ती आपण सत्याग्रहाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण संप संपला, घोषणा थांबल्या, त्यानंतर त्या मुलांचं काय झालं, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. माझ्या मते आजच्या काळाला तीच जास्त उपयोगाची आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावसारख्या तालुक्यातून उस्मानियापर्यंत पोचलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. निजामाच्या अख्ख्या मुलखात विद्यापीठ एकच, १९१८ साली निघालेलं, आणि त्याचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात जायचं तर आधी ती भाषा कमवावी लागे. सगळ्या मराठवाड्यात पदवीपर्यंत शिकवणारं एकही महाविद्यालय नव्हतं. औरंगाबादची शिडी इंटरपाशी संपायची. अशा राज्यात एकुलत्या एका विद्यापीठाने नाव काढून टाकलं म्हणजे त्या मुलाला स्वतःच्या देशात शिकायला जागाच उरली नाही. कायद्याच्या व्याख्येत ही मुलं निर्वासित नसतील. शिक्षणापुरती मात्र ती निर्वासितच होती: आपल्याच सरकारने दार लावून घेतलेलं, आणि पुढचं शिक्षण सरहद्दीपलीकडे.

सरहद्दीपलीकडे त्यांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेशाची वाट मोकळी करून दिली. एका विद्यापीठाने शिस्तभंगाचा ठपका ठेवून काढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्याने घेऊ नये, हा विद्यापीठांमधला सर्वसाधारण संकेत. या मुलांकडे ‘वर्तणूक चांगली’ असं लिहिलेला कागद नव्हता आणि तो मिळण्याची शक्यताही नव्हती. तरीही नागपूरने त्यांना बसवून घेतलं, परीक्षा घेतल्या, पदव्या दिल्या. या चळवळीत वरंगळकडून बाहेर पडलेल्या तरुणांत पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांनी पुढे नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. देशाच्या एका पंतप्रधानाच्या शिक्षणाचा धागा असा एका परप्रांतीय विद्यापीठाच्या निर्णयातून ओवला गेला आहे.

मला या निर्णयाचं मोल त्याच्या क्रमात दिसतं. निर्वासितांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की आपण आधी शिष्यवृत्तीचं बोलतो. पैसा लागतोच, त्याचं महत्त्व मी कमी करणार नाही. पण पैसा उभा राहूनही माणूस खिडकीपाशी अडतो, कारण खिडकीतला कारकून विचारतो, टीसी कुठं आहे? गुणपत्रिका कुठं आहे? जन्माचा दाखला, पासपोर्ट, व्हिसा? आग लावलेल्या गावातून, बॉम्ब पडलेल्या शहरातून निघालेला माणूस लेकरू उचलतो, फाइल नाही. शिष्यवृत्ती देणारे पुष्कळ भेटतात. दाखल्याविना नाव लिहून घ्यायची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस क्वचित भेटतो. केदार तसे होते.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत हाच प्रसंग आपल्या दारात आला. हदगावच्या उत्तरेला पैनगंगा. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड. १९४७-४८मध्ये निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या भयाने घरंदारं सोडून निघालेली कुटुंबं नदी उतरून उमरखेड, पुसदकडे गेली. खाली सोलापूर, बार्शीकडे आणि वर मनमाडकडे दुसऱ्या वाटा फुटल्या. ऑगस्ट १९४७मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्याची चळवळ सुरू झाली तेव्हा किती तरी विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले होते; त्यातले काही सरहद्दीवरच्या कॅम्पांत कामाला लागले. या पिढीच्या शिक्षणात पडलेला खंड आपण वीरकथेत झाकून टाकतो. एक-दोन वर्षं गेली एवढंच ते नव्हतं. कुणाचं मॅट्रिक राहिलं, कुणाचं इंटर, आणि मग संसार सुरू झाला. नरहर कुरुंदकरांसारख्या माणसाने आधी शाळेत मास्तरकी केली, पदव्या उशिरा घेतल्या, मग ते महाविद्यालयात शिकवू लागले आणि पुढे प्राचार्य झाले. कुरुंदकरांची बुद्धी त्या खंडातून पार होऊन आली. जी आली नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

पण त्या पिढीने परत आल्यावर काय केलं ते पाहा. भारताची हैदराबादवरची पोलीस कारवाई १७ सप्टेंबर १९४८ला संपली, आणि १९५०मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्यामागे स्वामी रामानंद तीर्थ आणि चळवळीतली माणसं होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद. १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, १९९४मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ज्यांना शिकायला दुसऱ्याच्या मुलखात जावं लागलं त्यांनी राजकीय हक्क मिळताच आधी महाविद्यालयं मागितली आणि उभारली.

फाळणीनंतर देशभर असंच घडलं, आणि त्या काळातली लवचीकता आज वाचताना थक्क व्हायला होतं. लाहोर सुटलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिल्लीत संध्याकाळचं ‘कॅम्प कॉलेज’ निघालं, कारण दिवसा त्यांना पोटासाठी काम करावं लागे. पूर्व पंजाबच्या नव्या विद्यापीठाने निर्वासितांच्या छावण्यांतली सेवा विद्यार्थ्यांच्या पदवीच्या हिशेबात धरली. मुंबईत कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केलं. सिंधमधल्या हैदराबादचं नॅशनल कॉलेज १९४९मध्ये वांद्र्याला नव्याने उभं राहिलं. इथे शिक्षकही निर्वासित होते आणि विद्यार्थीही. मुलांना कुणाच्या दयेची वाट पाहावी लागली नाही याचं कारण त्यांची ओळख पटवणारे गुरुजीच त्यांच्यासोबत आले होते. हरवलेल्या गुणपत्रिकेपेक्षा ‘हा माझ्या वर्गात होता’ हा गुरुजींचा शब्द मोठा ठरला.

आपल्या इतिहासाची दुसरी बाजूही इथेच मांडली पाहिजे, नाहीतर वरचं सगळं अर्धं राहील. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे त्या अहवालात सर्वाधिक होरपळलेले म्हणून येतात. घर सोडून हैदराबाद शहर गाठणाऱ्या या लोकांच्या मुलांचंही शिक्षण तुटलं. आणि ज्यांच्या हातात उस्मानियाची पदवी होती त्यांच्या पायाखालून दुसरंच काही सरकलं: विद्यापीठाने उर्दू माध्यम सोडून इंग्रजी धरलं आणि राज्याचा कारभारही उर्दूतून गेला. कागद शाबूत असूनही तो कुठे चालेना. दहा वर्षांपूर्वी मराठी मुलगा ज्या अडचणीत होता त्याच अडचणीत आता उर्दू शिकलेला तरुण उभा राहिला. दोघांसाठीही आपल्याला सारखंच वाईट वाटत नसेल, तर या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला ठाम वाटतं.

आता आजचं. निर्वासितांच्या हक्कांविषयीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं बावीसावं कलम शिक्षणाचं. परदेशी शाळा-महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांना मान्यता, फीमध्ये सूट आणि शिष्यवृत्ती, या तिन्ही गोष्टी त्यात नाव घेऊन लिहिल्या आहेत. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांसाठी सरकारी व्यवस्था वेगळी, आणि अफगाणिस्तान, म्यानमार किंवा सोमालियातून आलेल्यांसाठी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं एक कार्ड, एवढाच आधार. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेट्यांची वसाहत १९७२पासून आहे. ज्यांच्या मागे वसाहत, शाळा आणि स्वतःचं निर्वासित प्रशासन उभं असतं त्यांची मुलं महाविद्यालयापर्यंत बऱ्याच अंशी पोचतात. एकट्यादुकट्याने आलेल्याची पंचाईत होते. तो महाविद्यालयाच्या लेखी ‘परदेशी विद्यार्थी’, म्हणजे फी परदेशी माणसाची. त्याला पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा मागतात. ज्या सरकारला भिऊन तो पळाला त्याच्याच दूतावासात जाऊन त्याने पासपोर्ट आणायचा. पदवी समकक्ष असल्याचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी मूळ विद्यापीठाकडून खातरजमा हवी. सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधार आणि त्याला जोडलेलं बँक खातं लागतं, अधिवासाचा दाखला लागतो. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यात मोठ्या संख्येने अफगाण विद्यार्थी शिकत होते. तिकडे बँका बंद झाल्या, घरून येणारी रक्कम थांबली, आणि विद्यार्थी म्हणून आलेली मुलं बघता बघता निर्वासितांच्या स्थितीत गेली.

जगभर निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणात पोचणारे काही वर्षांपूर्वी एक टक्क्याच्या आसपास होते, २०२३पर्यंत ते सात टक्क्यांच्या आसपास पोचले. एरवीच्या जगात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. २०३०पर्यंत निर्वासितांचं प्रमाण पंधरा टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवलं आहे. जर्मनीच्या मदतीने १९९२पासून आइन्स्टाइनच्या नावाने चालणारी ‘डाफी’ शिष्यवृत्ती याच कामाची. ती ज्या देशात आसरा मिळाला तिथल्याच महाविद्यालयात शिकायला मदत करते, भारतातही करते. आइन्स्टाइन स्वतः निर्वासित होते.

कागदांच्या अडचणीवर युरोपात २०१७पासून एक चांगली युक्ती वापरात आहे. ग्रीसमध्ये सुरुवात झाली. निर्वासित विद्यार्थ्याकडे जे काही तुकडे असतील, म्हणजे ओळखपत्राचा फोटो, एखादं सत्र उत्तीर्ण झाल्याची पावती, ते पाहायचे. मग त्या देशाची शिक्षणपद्धती जाणणारे दोन तज्ज्ञ त्याची सविस्तर मुलाखत घेतात. कोणते विषय होते, प्रयोगशाळेत काय होतं, परीक्षा कशी व्हायची, सगळं विचारतात. पटलं तर त्याच्या शिक्षणाची पातळी लिहिलेला एक दस्तऐवज देतात, जो अनेक देशांतली विद्यापीठं विचारात घेतात. युनेस्कोनेही पुढे असाच दस्तऐवज काढला. यात नवीन तंत्र काही नाही. शहाणा हेडमास्तर दाखला हरवून आलेल्या मुलाला पाटी देऊन जे करायचा, तेच रीतसर केलेलं आहे.

हदगावात हे बोलायला लागलं की समोरून प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: आमच्याच पोरांना जागा मिळत नाहीत, फी भरायला आम्ही सोयाबीन पडत्या भावाने विकतो, मग परक्यांची काळजी आम्ही का करावी? मी या प्रश्नाला स्वार्थ म्हणणार नाही. पण २०२३पासून मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध चालू झाला तेव्हा काय झालं ते आठवा. निजामकाळचे कागद, उर्दू आणि मोडीतली अक्षरं, ती वाचणारी माणसं शोधत तहसीलच्या फेऱ्या. ज्यांचं गाव कधी हललं नाही, ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्याच शिवारात आहे, त्यांना आजोबांची एक ओळ सापडेना. भटक्या-विमुक्तांच्या मुलांना तर १९६१च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो, आणि त्यांचे आजोबा तेव्हा पालात राहत होते. कंधार-मुखेडकडची ऊसतोड कामगारांची मुलं दरवर्षी सहा महिने गावाबाहेर असतात. कागदावाचून माणसाला ओळखायची रीत विद्यापीठाने एकदा शिकून घेतली, तर तिचा पहिला लाभ आपल्याच मुलांना होईल.

आणि जागा हिरावली जातेच असं नाही. १९९०नंतर खोरं सोडून आलेल्या काश्मिरी पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने अभियांत्रिकी महाविद्यालयांत मंजूर संख्येवर जादा जागा दिल्या. कुणाचा प्रवेश कापून त्या दिल्या नव्हत्या. ते विस्थापित देशातले होते, नागरिक होते, हा फरक खरा आहे. तरी वाट कशी काढतात हे त्यातून दिसतं. २०२३मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा केरळच्या कन्नूर विद्यापीठाने तिथल्या विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवल्या आणि प्रमाणपत्रं नंतर आणून द्या असं सांगितलं. वंदे मातरम् चळवळीच्या वेळी नागपूरने केलं तेच हे. त्याला संसदेचा कायदा लागला नाही.

नांदेडच्या विद्यापीठाचं नाव ज्यांच्यावरून आहे त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं निजामाच्या तुरुंगात काढली. त्या विद्यापीठाने पहिलं पाऊल टाकावं, असं मला वाटतं. सुरुवातीला संख्या मोठी नको. युद्ध, दंगल किंवा छळ यामुळे उखडलेल्या, देशातल्या आणि देशाबाहेरच्या, मोजक्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी जादा जागा. कागद नसतील तर विषयाच्या प्राध्यापकांकडून मुलाखत आणि तात्पुरता प्रवेश. एका वर्षात तो परीक्षेत टिकला तर प्रवेश कायम. फी इथल्या विद्यार्थ्याइतकीच. वसतिगृहात खोली आणि मेसचा डबा शिष्यवृत्तीतच धरलेला, कारण शिकवणीची फी माफ झाली तरी रात्रीच्या जेवणावाचून मुलं शिक्षण सोडतात, हे आपल्या गावाकडच्या पालकांना सांगायला नको. आणि मराठी शिकवायला एक शिक्षक, पहिल्या महिन्यापासून. यातली प्रवेशाची आणि वसतिगृहाची बाजू विद्यापीठाने स्वतः ठरवावी. व्हिसा आणि समकक्षतेच्या बाबी दिल्लीशी बोलाव्या लागतील; तो पत्रव्यवहार कुलसचिवांनी विद्यार्थ्याच्या वतीने करावा, त्याला एकट्याला खिडक्या हिंडायला लावू नये. मेसचा खर्च जिल्ह्यातल्या बाजार समित्या, सहकारी संस्था आणि माजी विद्यार्थी उचलू शकतात. पीपल्स कॉलेजही सरकारच्या आदेशाची वाट पाहून निघालं नव्हतं. हा ठराव विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत मांडणारा एक सदस्य तेवढा हवा आहे.