पोक्त तट्टू

नेसरीच्या खिंडीतलं प्रतापराव गुजरांचं स्मारक बघून आल्यापासून आमच्या सहा वर्षांच्या नातवाला घोडा हवाय. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापरावांसह सात स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ही गोष्ट गडहिंग्लज तालुक्यातली पोरं अक्षरओळखीच्या आधी ऐकतात. साहजिकच घोडा म्हणजे चौखूर उधळणारा, अशी त्याची समजूत. त्याच्या बापाचीही तीच. त्यानं एक पंचकल्याणी बघूनही ठेवलं. तीन वर्षांचं, यात्रेतल्या घोडागाडी शर्यतीसाठी तयार केलेलं. लगाम हलला की पळायचं, एवढंच ज्याला शिकवलंय त्याच्यावर हे पोर बसवायचं! मला रात्रभर झोप नाही.

सकाळी नातवाला घेऊन हिरण्यकेशीकडं फिरायला निघालो, तर मोकळ्या रानात धनगरांची मेंढरं. वाडा हलायच्या तयारीत होता. एका बुटक्या तट्टावर बिऱ्हाड चढत होतं. भीमथडीची तट्टं यमुनेचं पाणी प्यायली म्हणतात, तीही काही उंचीपुरी नव्हती. भांडी, घोंगडी, कोंबड्या, एक कोकरू आणि सगळ्यांच्या वर दीडेक वर्षाचं लेकरू. कोंबडी फडफडली, लेकरानं आयाळ ओढली. तट्टानं एक कान मागं वळवला, बस्स.

नातवानं तळहातावर हरभरे धरले. घोड्याला ऐन नाकाखालचं दिसत नाही. त्यामुळं ते मिशांनी चाचपत, ओठांनी एकेक दाणा टिपत राहिलं; बोटाला दात लागू दिला नाही. मी ओठ उचलून बघितलं. वरच्या कडेच्या दातावरची उभी रेघ अर्ध्यापर्यंत उतरलेली, म्हणजे पंधराच्या आसपास. एवढ्या वयाच्या जनावराकडं गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही. घोडा घेताना अंगावरचे भोवरे मात्र मोजून घेतं.

"काय पाव्हणं, देणार काय?"

"न्हाई आण्णा. माझी तिन्ही पोरं ह्येच्याच पाठीवर वाढली. ह्ये चौथं." मग धनगर नातवाकडं बघून म्हणाला, "बसायचं व्हय रं? वड्यापतोर चल."

लेकरू आईच्या कडेवर गेलं. नातू कोंबड्यांच्या मागं बसला, मांडीवर कोकरू. तट्टू आपल्या चालीनं निघालं, आणि हा दोन्ही हातांनी कोकराला सांभाळत, तोंडातनं शब्द न काढता, ओढ्यापर्यंत गेला.