राणी माशी पडद्यावर येत नाही

रायगड जिल्ह्यात राहून ‘जैत रे जैत’विषयी तक्रार करणं म्हणजे कुलदैवतावर रुसण्यासारखं आहे. पेण-अलिबागकडच्या गॅदरिंगांमध्ये त्यातल्या गाण्यांवर अजून पोरं-पोरी नाचतात. डॉ. जब्बार पटेलांचा हा १९७७ चा चित्रपट. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गीतं, स्मिता पाटील, मोहन आगाशे, वर राष्ट्रीय पुरस्कार. चित्रपट म्हणून तो मलाही आवडतो. पण गो. नी. दांडेकरांची, म्हणजे गोनीदांची, मूळ कादंबरी आधी वाचली असेल तर पडद्यासमोर बसल्यावर काहीतरी हरवल्याचं जाणवत राहतं, आणि ते काहीतरी किरकोळ नाही.

पनवेल सोडून पेणच्या वाटेला लागलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. तो ठाकर आदिवासींचा लिंगोबा. त्याच्या अंगाला आग्या मोहोळाची पोळी लटकतात. किल्ल्यावर गेलेल्या हौशी मंडळींनी त्यांचा प्रसाद कितीदा खाल्ला आहे. कादंबरीतला नाग्या या डोंगराखालच्या ठाकरवाडीतला, भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. पुण्यवंताला राणी माशी दिसते, हे त्याच्या मनानं धरलेलं. तो तिला बघायला जातो आणि माश्या त्याचा डोळा घेतात. तिथून त्याचं आणि तिचं वैर सुरू होतं. त्या वैरात नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते आणि शेवटी जीव गमावते.

आता माश्यांचा जाणकार सांगेल, की डसतात त्या कामकरी माश्या. राणीची नांगी असते ती दुसऱ्या राणीसाठी. माणसाशी तिचं काही देणंघेणं नाही. शिवाय आग्या मोहोळाच्या उघड्या पोळ्यावर माश्यांचा असा जाड थर असतो, की खालून बघणाऱ्याला राणी दिसणं जवळपास अशक्य. म्हणजे नाग्या ज्या शत्रूशी झुंजतो तो शत्रू त्याच्या डोक्यात आहे. कादंबरीत आपणही त्या डोक्यातच बसलेलो असतो, त्यामुळे ही शंका आपल्याला शिवत नाही. ती माशी देवासारखी खरी असते, आणि देवाशी भांडता येतं तसं तिच्याशी भांडता येतं. कॅमेरा मात्र नाग्याच्या बाहेर उभा. त्याला दिसतो कडा, दिसतं पोळं, दिसतो एका डोळ्याचा माणूस. आतलं वैर दाखवायला त्याच्याकडे साधनच नाही.

मग ती पोकळी गाण्यांनी भरली. ही गाणी श्रेष्ठ आहेत, म्हणूनच पंचाईत आहे. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याचे, पळसखेड्याचे. त्यांच्या शब्दांत तिकडच्या काळ्या रानाचा, ज्वारीच्या शेतांचा गंध आहे. गोनीदांचे ठाकर कोकणातल्या डोंगरांतले, रानातल्या कंदमुळांवर आणि मधावर दिवस काढणारे. दोन्ही रानंच, पण एक नव्हेत. आशाबाई भोसलेंचा सूर लागला की हा फरक कोण विचारतो? मी तरी नाही विचारत. नंतर पुस्तक उघडलं की मात्र गोनीदांनी ठाकरांच्या तोंडी घातलेली खडबडीत बोली एकदम परकी वाटू लागते, आणि हा उलटा अन्याय झाला.

आणखी एक कारण मला नाट्यगृहात दिसतं. जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं होतं, आगाशे त्यातले नाना फडणवीस. माणसांची रांग, तिचं गाणं, तिचाच पडदा, ही रीत त्यांच्या हाताला सरावलेली. इथे ठाकरवाडीचाही तसाच गायकवृंद झाला. समूह छान उभा राहिला, नाग्याचा एकटेपणा पातळ झाला. चिंधी मात्र वाचली, किंबहुना वाढली. स्मिता पाटील चौकटीत आली की गोष्ट तिची होते. पण मग ती प्रेमकथा होते आणि लिंगोबा मागचा देखावा.

याच दिग्दर्शकाचा १९७९ चा ‘सिंहासन’ बघा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या आणि काही हरवलं नाही. साधूंचं सगळं भांडवल माणसांच्या बोलण्यात, फोनवर, बंद दारांआड चाललेल्या डावपेचांत. ते कॅमेऱ्याच्या ओंजळीत मावतं. हात तोच होता. गोनीदांचा ऐवज वेगळ्या जातीचा होता.

गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं केलं. वेष नाहीत, नेपथ्य नाही. माणसं बसून वाचतात. मला ते रूपांतर चित्रपटापेक्षा जवळचं वाटतं, कारण तिथे माशी ज्याची त्यानं आपापली बघायची असते. आता संगणकावर लाखभर माश्या सहज उडवता येतात. त्या जोरावर कुणी ही कादंबरी पुन्हा पडद्यावर आणायला निघालं, तर मला पहिली धास्ती त्या माश्यांचीच वाटेल.